जुनी चेनसॉ चालती करताना: सरपण तोडू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

कोठे तरी अडगळीत वर्षानुवर्षे पडून राहिलेली चेनसॉ हाती आली, की बहुतेक नवशिके आधी टाकीत पेट्रोल ओतून दोरी ओढत बसतात, आणि यंत्र दाद देईनासे झाले की स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू फिरवू लागतात. असे केल्याने मूळचा एक बिघाड तसाच राहतो आणि त्यात आपण केलेल्या बिघाडाची भर पडते. जुन्या चेनसॉच्या तक्रारी बहुतेक वेळा शिळे पेट्रोल, कडक झालेले रबर किंवा बोथट साखळी यांपैकी एका कारणापाशी येऊन थांबतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून या लेखात तपासणीचा जो क्रम दिला आहे, त्यात कार्बोरेटरचे स्क्रू मुद्दाम शेवटाकडे ठेवले आहेत.

इंजिनाला हात लावण्यापूर्वी हे यंत्र वापरण्याजोगे सुरक्षित आहे का, ते ठरवावे. पुढच्या हँडलसमोर हाताचे संरक्षण करणारी पट्टी आणि तिला जोडलेला चेन ब्रेक आहे का, हे पाहावे. बारच्या (साखळी ज्याच्या कडेने फिरते त्या लांब पात्याच्या) टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर साखळीचे दाते तेथे अडकतात आणि सबंध बार क्षणार्धात चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळतो. हा झटका हाताने आवरण्याइतका वेळच मिळत नाही. पट्टी मनगटावर आपटून ब्रेक लागला, की साखळी थांबते. फार जुन्या चेनसॉंना हा ब्रेक मुळातच नसतो. अशी चेनसॉ संग्रही ठेवावी, तिचे इंजिन सुरू करून आनंदही घ्यावा, परंतु नवशिक्याने तिने लाकूड तोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेक असेल, तर पट्टी पुढे ढकलल्यावर साखळी हाताने ओढूनही हलत नाही ना, मागच्या हँडलवरचे कुलूप दाबल्याशिवाय थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवणारा खटका) दबत नाही ना, तुटलेली साखळी अडवणारा खालचा आकडा जागेवर आहे ना आणि हँडलचे रबरी बुश फाटलेले नाहीत ना, हे एकेक करून तपासावे. साखळीजवळ काम करताना स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवावी आणि हातमोजे घालावेत. प्रत्यक्ष तोडताना हेल्मेट, चष्मा, कानांवरचे मफ, जाड बूट आणि साखळी अडवणाऱ्या धाग्यांची संरक्षक पँट यांपैकी काहीही गाळू नये.

पहिली पायरी: इंजिनात जीव आहे का?

दुरुस्तीवर वेळ आणि पैसा घालण्यापूर्वी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब निर्माण करतो ते, पाहावे. सर्वात सोपी चाचणी अशी, की प्लग घट्ट बसवून, स्विच बंद ठेवून, चेनसॉ स्टार्टरच्या दोरीच्या मुठीला धरून हवेत लोंबकळू द्यावी. इंजिन चांगले असेल, तर ती टप्प्याटप्प्याने, अडखळत खाली येते. दोरी सरसर सुटून यंत्र एकदम खाली आले, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत असे समजावे. मात्र डिकॉम्प्रेशनचे (दोरी हलकी ओढता यावी म्हणून हा दाब कमी करणारे) बटण असलेल्या यंत्रावर ते दाबलेले नाही याची खात्री आधी करावी, नाहीतर चांगल्या इंजिनावर उगाच ठपका येतो. दाब मोजणारे गेज उपलब्ध असेल, तर प्लगच्या जागी ते लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, काटा पुढे सरकेनासा होईपर्यंत दोरी ओढावी. साधारणपणे १२० पीएसआयच्या वर आकडा आला तर काळजी नसावी, आणि १०० च्या खाली गेला तर इंजिन सुरू होण्यात, विशेषतः गरम असताना, अडचणी येणार हे गृहीत धरावे.

त्यानंतर सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढून एक्झॉस्टच्या तोंडातून आत टॉर्चचा उजेड टाकावा आणि दोरी हळूहळू ओढत पिस्टन वर-खाली करून पाहावा. पिस्टनच्या अंगावर कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसत असतील, तर आपल्या पदरात चांगले यंत्र पडले आहे. उभे ओरखडे आणि खरवडल्यासारखा चमकता पट्टा दिसला, तर तेल कमी पडल्याने किंवा मिश्रणात हवा जास्त झाल्याने इंजिन एकदा तरी सीज झालेले, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये घासून अडकलेला आहे. अशा वेळी नवीन पिस्टन-सिलिंडर मिळतो का, हे आधी पाहावे आणि मगच पुढची खटपट करावी. सायलेन्सर हातात आलाच आहे, तर त्यातली ठिणगी अडवणारी जाळी काजळीने बुजली असल्यास तीही ब्रशने साफ करावी. या बुजलेल्या जाळीमुळे इंजिन सुरू होते, पण जोर धरत नाही.

दुसरी पायरी: पेट्रोल आणि त्याचा मार्ग

टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. ते एखाद्या काचेच्या बरणीत ओतून पाहिले, तर अनेकदा तळाशी पाण्याचा थर वेगळा झालेला दिसतो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि ओलावा एका मर्यादेबाहेर गेला की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसतात. हेच पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना आणि कार्बोरेटरमधल्या पातळ लवचीक पडद्यांनाही बाधते, कारण कित्येक जुन्या यंत्रांचे रबर असे इंधन डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले नव्हते.

चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असल्याने त्याला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच, आणि म्हणून मिश्रणाचे प्रमाण डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. चांगल्या प्रतीचे आधुनिक टू-स्ट्रोक ऑइल ५०:१ या प्रमाणात, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली, पुरते. जुन्या पुस्तिकांमध्ये २५:१ किंवा ३२:१ असे लिहिलेले आढळते, कारण त्या काळची तेले वेगळी होती. पुस्तिका हाताशी नसेल आणि यंत्र खरेच जुने असेल, तर मी स्वतः ४०:१, म्हणजे लिटरला २५ मिली वापरतो. थोडा धूर जास्त झाला तरी चालेल, पिस्टन कोरडा पडता कामा नये. मिश्रण एका महिन्यात संपेल इतकेच करावे.

आता टाकीच्या तोंडातून वाकवलेल्या तारेचा आकडा घालून आतला फिल्टर बाहेर ओढावा. तो काळवंडलेला किंवा दगडासारखा कडक असेल, तर धुण्याच्या भानगडीत न पडता बदलावा. फिल्टरला जोडलेली नळी बोटांत धरून वाकवून पाहावी. तिला भेगा दिसल्या, ती चिकट झालेली असली किंवा वाकवताच मोडली, तर दोष सापडलाच असे समजावे. भेग टाकीच्या भिंतीतून नळी जाते नेमकी तिथे लपलेली असते, त्यामुळे नळी पूर्ण बाहेर काढल्याशिवाय निर्णय देऊ नये.

टाकीला हवा घेण्यासाठी एक बारीक व्हेंट असतो, आणि या क्षुल्लक वाटणाऱ्या भागाने मला एकदा दोन दिवस चकवले होते. यंत्र झोकात सुरू व्हायचे, पाच-सात मिनिटे ओंडके तोडायचे आणि मग धाप लागल्यासारखे होऊन बंद पडायचे. थोडा वेळ विश्रांती दिली की पुन्हा सुरू. मी कार्बोरेटर दोनदा उघडला, पडदे बदलले, आणि शेवटी पेट्रोल किती उरले ते पाहण्यासाठी टाकीचे झाकण फिरवले, तेव्हा आत हवा ओढली गेल्याचा ‘फुस्स’ असा आवाज आला. व्हेंट भुशाने बुजलेला होता, टाकीत निर्वात तयार होत होता आणि कार्बोरेटरला पेट्रोल ओढता येत नव्हते. तेव्हापासून ठरावीक वेळाने बंद पडणाऱ्या प्रत्येक चेनसॉचे झाकण मी सर्वात आधी सैल करून पाहतो. अर्थात यंत्र बंद करून, ते जरा निवल्यावर.

तिसरी पायरी: ठिणगी

प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग चांगला. तेलकट काळा असेल, तर पेट्रोल किंवा तेल जास्त जात आहे, किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. पांढुरका असेल, तर मिश्रणात हवा जास्त आहे आणि हा इशारा गंभीरपणे घ्यावा. दहा-पंधरा वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडाच निघाला, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला निघाला, तर पेट्रोल येते पण पेटत नाही, किंवा गरजेपेक्षा जास्त आले आहे. तसे झाले असल्यास प्लग पुसून बाजूला ठेवावा, चोक लावलेला असल्यास काढावा (हवेची वाट मोकळी ठेवावी), स्विच बंद ठेवून प्लगचे भोक जमिनीकडे करत सात-आठ वेळा दोरी ओढावी आणि मग प्लग पुन्हा लावावा.

ठिणगी पाहण्यासाठी प्लगला टोपी लावून, त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या पंख्यांना (बाहेरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांना) टेकवून, स्विच चालू करून दोरी ओढावी. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते, त्यामुळे प्लग भोकापासून दूर धरावा आणि सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे. निळसर, ठसठशीत ठिणगी दिसायला हवी. प्लगचा गॅप बहुतेक यंत्रांत ०.५ मिमी असतो. ठिणगी नसेल, तर कॉइलला (ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाला) लगेच बाद ठरवू नये. आधी स्विचकडे जाणारी वायर कॉइलपासून सोडवून पुन्हा पाहावे, कारण सोलवटलेली वायर धातूला टेकली की स्विच कायमचा बंद असल्यासारखाच परिणाम होतो. वायर सोडवल्यावर ठिणगी आली, तर काही रुपड्यांची वायर गुन्हेगार ठरते. मात्र ती दुरुस्त होईपर्यंत इंजिन बंद करायला स्विच उरत नाही, हे ध्यानात ठेवून अशा अवस्थेत यंत्र सुरू करू नये.

फ्लायव्हीलच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या) चुंबकावर आणि कॉइलच्या पायांवर गंज चढला असेल, तर बारीक पॉलिश पेपरने तो काढावा. या दोहोंतले अंतर साधारण ०.२ ते ०.३ मिमी असते, म्हणून जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून कॉइलचे स्क्रू आवळण्याची जुनी युक्ती चालून जाते. आणखी जुन्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक कॉइलऐवजी फ्लायव्हीलखाली पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे धातूचे संपर्क) आणि कंडेन्सर असतात. पडून राहिल्याने पॉइंटवर पातळ थर चढतो आणि करंट अडतो. कडक कोरा कागद पॉइंटमध्ये धरून तीन-चारदा ओढला, की बहुधा काम भागते. यंत्र गार असताना उत्तम चालत असेल आणि तापल्यावर बंद पडून सुरू होत नसेल, तर बंद पडताच त्या क्षणी ठिणगी तपासावी. कॉइल तापल्यावरच दगा देणारी असेल, तर ती गार यंत्रावर कधीही पकडली जात नाही.

चौथी पायरी: हवा, आणि मग कार्बोरेटर

एअर फिल्टर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. सिलिंडरच्या पंख्यांत आणि फ्लायव्हीलच्या पात्यांत घट्ट बसलेला तेलकट भुसा लाकडी काडीने उकरून काढावा, कारण या इंजिनाला थंड ठेवणारी दुसरी कोणतीही सोय नसते. स्टार्टरचे कव्हर काढताना मात्र दोरीच्या चाकाखालची घडीची स्प्रिंग उघडू नये. ती सुटली की अंगावर झेपावते आणि पुन्हा बसवताना संध्याकाळ होते.

आता पेट्रोल ताजे आहे, ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, आणि तरीही थ्रॉटल दाबताच इंजिन मान टाकते. अशा वेळी कार्बोरेटर उघडावा. चेनसॉच्या कार्बोरेटरमध्ये मोटारसायकलसारखा फ्लोट नसतो, कारण यंत्र आडवे-तिडवे धरावे लागते. तिथे फ्लोटचे काम एक लवचीक पडदा करतो. हा पडदा नवा असताना ओल्या चामड्यासारखा मऊ असतो आणि जुना झाला की बोटाने दाबताच कागदासारखा कुरकुरतो. तसा आवाज आला, तर धुऊन उपयोग नाही, दुरुस्तीचा संच आणून सर्व पडदे, गॅस्केट आणि सुई एकत्र बदलावे. कार्बोरेटरच्या अंगावर निर्मात्याचे नाव आणि मॉडेल क्रमांक कोरलेला असतो. वॉलब्रो, टिलॉटसन आणि झामा ही नेहमी आढळणारी नावे. संच त्या क्रमांकावरून मागवावा, चेनसॉच्या नावावरून नव्हे. उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढावा, कारण एका बाजूला गॅस्केट आधी आणि पडदा नंतर, तर दुसऱ्या बाजूला नेमके उलट असते, आणि ही अदलाबदल झाली तर यंत्र सुरूच होत नाही. पंपाच्या बाजूला असलेली नखाएवढी जाळी विसरू नये. बारीक भोकांत तार मुळीच घालू नये.

बाहेरून तीन स्क्रू दिसतात. एल हा कमी वेगाचा, एच हा पूर्ण वेगाचा, आणि एलए किंवा टी हा आयडलिंगचा, म्हणजे थ्रॉटल न दाबता इंजिन संथ चालते त्या वेगाचा. एल आणि एच हे दोन्ही घड्याळाच्या दिशेने फिरवले की पेट्रोल कमी होते. ते बोटाच्या हलक्या जोराने टेकेपर्यंत बंद करून, सध्या किती फेरे होते ते लिहून ठेवावे, आणि मग दोन्ही एकेक फेरा उघडावेत. बहुतेक यंत्रे इतक्यावर सुरू होतात. इंजिन तापल्यावर एल स्क्रू इकडे-तिकडे फिरवत आयडलिंगचा वेग सर्वात जास्त मिळतो ती जागा शोधावी आणि तिथून साधारण अष्टमांश फेरा अधिक उघडावा. त्यानंतर टी स्क्रूने वेग इतका उतरवावा की इंजिन चालू राहील पण साखळी फिरणार नाही. वेग उतरवूनही साखळी फिरतच राहिली, तर क्लचची स्प्रिंग मोडली आहे का ते पाहावे.

एच स्क्रूचे काम कानाने करायचे असते. लाकडाविना पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आवाज थोडा फाटका, गुरगुरल्यासारखा यायला हवा, आणि लाकडात बार शिरताच तोच आवाज स्वच्छ, सलग व्हायला हवा. लाकडाविनाच आवाज किंचाळल्यासारखा तीव्र आणि गुळगुळीत येत असेल, तर ऐकायला जोरदार वाटले तरी इंजिनाला पेट्रोल, आणि पर्यायाने तेल, कमी पडत आहे. नवशिक्यांच्या हातून पिस्टन जळतात ते बहुधा या किंचाळीला ताकद समजल्यामुळे. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच उतरत नसेल, किंवा एल-एच कसेही लावले तरी आयडलिंग स्थिर होत नसेल, तर स्क्रू फिरवणे थांबवावे. अशा वेळी सिलिंडरकडे जाणारी रबरी नळी फाटलेली असते किंवा क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) सील गेलेले असतात. या जोडांवर जास्तीची हवा आत शिरत असताना यंत्र चालवले, तर कोणतेही सेटिंग त्याला वाचवू शकत नाही.

पाचवी पायरी: साखळी

इंजिनावर इतके लिहिल्यानंतर सांगावेसे वाटते, की “मशिनमध्ये दम नाही” या तक्रारीचे उत्तर अनेकदा साखळीत असते. धारदार साखळीखालून लाकडाच्या ढलप्या पडतात, बोथट साखळीखालून पिठासारखा भुसा पडतो, आणि हा फरक पायाखाली पाहिला तरी कळतो. बार लाकडात आपल्या वजनाने शिरला पाहिजे. तो दाबावा लागत असेल, तर काम थांबवून कानस हाती घ्यावी.

कानस गोल असते आणि तिची जाडी साखळीच्या पिचवर ठरते. साखळीच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याला २ ने भागले की पिच मिळतो. ०.३२५ इंच पिचला ४.८ मिमी, लो-प्रोफाइल ३/८ ला ४ मिमी, पूर्ण आकाराच्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी आणि ०.४०४ ला ५.५ मिमी जाडीची कानस लागते. बार पकडीत घट्ट धरावा, साखळी किंचित ताणावी, ब्रेक लावावा आणि उजेड समोरून येईल असे बसावे. दात बोथट असेल, तर त्याच्या धारेवर एक बारीक पांढरी रेषा चमकते. प्रकाश परतवणारी ती रेषा म्हणजे गोलसर झालेली धार. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या माथ्यावर दिसेल अशा उंचीने ती धरावी, बहुतेक साखळ्यांना चालणारा ३० अंशांचा कोन ठेवावा आणि दाताच्या आतून बाहेरच्या दिशेने, फक्त पुढे ढकलताना, रेटा द्यावा. मागे आणताना कानस उचलून घ्यावी, घासत ओढू नये. चमकणारी रेषा नाहीशी झाली की तो दात झाला. एका बाजूचे सर्व दात संपवून मग दुसऱ्या बाजूला वळावे आणि प्रत्येक दाताला घासण्याची संख्या सारखी ठेवावी. दात लहान-मोठे झाले असतील, तर सर्वात आखूड दाताच्या मापाने बाकीचे आणावेत. डावे दात लांब आणि उजवे आखूड राहिले, की काप सरळ न जाता एका बाजूला वळत जातो.

प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो, ज्याला डेप्थ गेज म्हणतात. तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावा लागतो. दात घासून मागे सरकत जातो तसा तो उतरता होतो, आणि उंचवटा मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे तीन-चार वेळा धार लावल्यानंतर मापपट्टी ठेवून चपट्या कानशीने तो उतरवावा आणि पुढची कड गोल करावी. येथे हात सैल सोडू नये. उंचवटा फार खाली गेला, तर दात लाकडात खोल घुसतात आणि सुरुवातीला सांगितलेल्या उसळीचा धोका वाढतो.

धार लावूनही काप वाकडाच जात असेल, तर दोष बारमध्ये शोधावा. बार सपाट जागेवर उभा ठेवला असता एका कुशीवर कलत असेल, तर त्याच्या दोन्ही कडा सारख्या उंचीच्या नाहीत. चपट्या कानशीने त्या काटकोनात समान कराव्यात. खाचेतला तेलकट गाळ पातळ पत्र्याने खरवडून काढावा, तेलाचे भोक मोकळे करावे आणि बार प्रत्येक धारेच्या वेळी उलटा बसवावा, म्हणजे झीज दोन्ही बाजूंना वाटली जाते. साखळी फिरवणाऱ्या स्प्रॉकेटवर अर्धा मिमी खोल चर पडले असतील, तर त्यावर नवी साखळी चढवू नये, ती लवकर झिजते.

साखळी ताणताना बारचे टोक वर उचलून धरावे आणि त्याच स्थितीत नट आवळावेत. खालच्या बाजूने साखळी बारला चिकटलेली असावी, पण हातमोजा घातलेल्या हाताने सहज पुढे सरकावी. गरम साखळी लांबते. काम संपल्यावर ती सैल केली नाही, तर निवताना आखडून क्रँकशाफ्टवर ताण देते. बार आणि साखळीला वंगण देणाऱ्या तेलाची चाचणी सोपी आहे. चालू यंत्राचे टोक एखाद्या कोरड्या, फिकट ओंडक्यासमोर हातभर अंतरावर धरून थ्रॉटल द्यावा, तेलाची बारीक रेषा उमटली पाहिजे. कित्येक जुन्या यंत्रांत तेलासाठी अंगठ्याने दाबायचे बटण असते. ते असल्यास प्रत्येक कापात दोन-तीनदा दाबण्याची सवय लावून घ्यावी. गाडीतून काढलेले काळे ऑइल वापरू नये, त्यातल्या धातूच्या कणांनी पंप आणि बार दोन्ही झिजतात.

शेवटी, ठेवणीविषयी. महिन्याहून अधिक काळ यंत्र लागणार नसेल, तर टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन आयडलिंगवर चालू द्यावे. पूर्ण निवल्यावर प्लग काढून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल आत सोडावे, दोरी दोन-तीनदा हळू ओढून ते पसरवावे आणि प्लग परत लावावा. साखळी तेलाच्या फडक्याने पुसावी, बारवर म्यान चढवावे. शेवटचे मिश्रण कोणत्या प्रमाणाचे होते आणि एल-एचचे फेरे किती आहेत, हे चिकटपट्टीवर लिहून ती एअर फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावावी.